वाळवंटातला दगड : एच की एल?

प्रश्न : माझ्या मामेभावाने मोरोक्कोच्या ट्रिपवरून 140 ग्रॅमचा काळपट दगड आणलाय, दुकानदाराने उल्का म्हणून विकला आणि चिठ्ठीवर 'एल6' लिहून दिलं. लोहचुंबक जेमतेम चिकटतं, म्हणजे लोखंड कमी, म्हणून एल, असं तो म्हणतो. बरोबर आहे का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : आधी ते चुंबक बाजूला ठेवा, कारण ताकदवान चुंबक लावलं की दगडात मुळात असलेली चुंबकीय नोंद पुसली जाते आणि ती परत मिळत नाही.

आता एलचं. एच, एल आणि एलएल हे दगडी अशनींचे (जमिनीवर पडलेल्या उल्कांचे) गट, एचमधे लोखंड जास्त, एलमधे कमी, एलएलमधे त्याहून कमी. दगड खरंच अशनी आहे असं धरलं तर ताज्या एच गटात धातू साधारण 15 ते 20 टक्के आणि एलमधे 7 ते 11, त्यामुळे मामेभावाचा हिशोब ताज्या दगडाला ठीक आहे. पण वाळवंटात अशनी हजारो वर्षं पडून राहते, थोडंफार दव-पाऊस लागतोच आणि आतलं लोखंड-निकेल गंजत जातं, गंजण्याचा डब्ल्यू3 दर्जा म्हणजे तर 60 ते 95 टक्के धातू गंजलेला, मग एचसुद्धा चुंबकाला एलसारखाच वाटणार ना! म्हणून ऑलिविन हे दगडातलं खनिज बघतात, त्यातलं लोखंड इतक्या सहज हलत नाही. पॉलिश केलेल्या चकतीवर इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब (खनिजात कोणतं मूलद्रव्य किती ते मोजणारं यंत्र) लावून फायालाइट, म्हणजे ऑलिविनमधला लोखंडी भाग, टक्क्यांत मोजायचं, 16 ते 20 आलं तर एच, 22 ते 26 आलं तर एल, त्याच्यावर एलएल.

6 हा आकडा, म्हणजे दगड मुळात किती तापून बदलला (3 कमी, 6 बराच) ते, मात्र कापलेल्या भागावर थोडा कळतो. एक कोपरा बारीक पॉलिश पेपरने घासा आणि दहापट भिंगातून बघा, मोहरीपेक्षा बारीक गोल दाणे वेगवेगळे, ठसठशीत दिसले तर 3 कडे, आजूबाजूत विरघळल्यासारखे दिसले तर 6 कडे. आपल्या गुजरातेत 28 जानेवारी 1976 ला धजालाला पडलेली अशनी एच3.8 आहे, तिच्यातले दाणे किती सुंदर दिसतात!

पुढे एमएस युनिव्हर्सिटीच्या भूगर्भशास्त्र विभागात थिन सेक्शनबद्दल (सूक्ष्मदर्शकाखाली बघायची दगडाची पातळ चकती) विचारून बघा. अधिकृत नाव हवं असेल तर अशनींना नावं देणाऱ्या मीटिओरिटिकल सोसायटीच्या नियमाप्रमाणे 20 ग्रॅम किंवा वजनाच्या 20 टक्के, यातलं जे कमी असेल तेवढा नमुना एखाद्या मान्य संस्थेच्या संग्रहात ठेवावा लागतो, म्हणजे तुमच्या दगडातले 20 ग्रॅम जाणार. कापायच्या आधी फोटो आणि वजन घ्या, आणि पाण्याने कापू देऊ नका, उरलेला धातूही गंजेल.