‘तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?’

ख्रिस्ती समाजाविषयी वाचकांनी मोकळेपणाने प्रश्न विचारावेत, असं आवाहन आम्ही केलं होतं. शीर्षकातला प्रश्न मात्र वाचकांचा नाही. तो मराठी ख्रिस्ती माणसाला वर्गात, नोकरीच्या मुलाखतीत, लग्नाच्या पंगतीत ऐकावा लागतो. विचारणारा कौतुकानेच विचारतो, तरी तो दुखावतो. आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत.

स्पर्धेसाठी एकांकिका लिहितो आहे. तिच्यात एक ख्रिस्ती ‘अंकल’ आहेत. ते मोडकं मराठी बोलतात, हातात सतत ग्लास, घरात पियानो. दिग्दर्शक मैत्रीण म्हणते, हे पात्र खोटं आहे. काय बदलू? (सोलापूर)

मैत्रीण बरोबर सांगते आहे. आधी काका कुठले ते ठरवा, म्हणजे भाषा, आडनाव, भिंतीवरच्या तसबिरी हे सगळं आपोआप ठरेल.

काका वसईचे असतील तर आडनाव परेरा, लोपीस, फर्नांडिस असं पोर्तुगीज वळणाचं. पोर्तुगीज १५३४ ते १७३९ वसईत होते. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण इथले ख्रिस्ती झालेले शेतकरी, कोळी, वाडवळ आपापल्या वाडीतच राहिले. घरात ते मराठीच्याच बोली बोलतात. सामवेदी समाजाची बोली कादोडी. मुंबईचे मूळ ख्रिस्ती स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवतात. ते गोव्याचे नव्हेत, हे संवादात एकदा तरी येऊ द्या.

काका नगर किंवा जालन्याकडचे असतील तर चित्र पार वेगळं. आडनाव जाधव, गायकवाड, साळवे. नाव शमुवेल किंवा याकोब, नाहीतर सरळ विजय. ही एकोणिसाव्या शतकातल्या मिशनांच्या काळात ख्रिस्ती झालेली, बहुतेक प्रॉटेस्टंट घरं. इथे पियानो काढा आणि पेटी-तबला ठेवा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी जोपासलेली ख्रिस्ती भजन-कीर्तनाची परंपरा इथे आहे. काका भेटल्यावर ‘सलाम’ किंवा ‘जय ख्रिस्त’ म्हणतील. नाताळाला घरात करंज्या आणि शंकरपाळे असतील.

नेपथ्यातही फरक ठेवा. कॅथलिक घरात क्रूसावरचा ख्रिस्त, मारियामातेची मूर्ती आणि जपमाळ असते. प्रॉटेस्टंट घरात मूर्ती नसते. भिंतीवर बायबलमधलं वचन असतं. कॅथलिक माणूस ‘मिस्सा’ला (चर्चमधल्या मुख्य विधीला) जातो आणि त्याचे ‘फादर’ अविवाहित असतात. प्रॉटेस्टंट माणूस ‘उपासने’ला जातो, त्याचे ‘पाळक’ बहुधा बायकोमुलांसह राहतात. या दोघांची सरमिसळ ही नाटकांत सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. दुसरी चूक, फादर पापनिवेदनात ऐकलेलं पोलिसांना सांगतात, ही. कॅथलिक धर्मगुरूवर त्या गुप्ततेचं बंधन पूर्ण असतं. ते मोडलं तर त्याला धर्मबहिष्काराची शिक्षा आहे.

राहिला ग्लास. मुंबईत १९४९चा दारूबंदी कायदा आला, तेव्हा चोरून दारू विकणाऱ्या घरगुती गुत्त्यांना ‘आंटीचा अड्डा’ म्हणत. हिंदी सिनेमाने तेवढंच उचललं आणि एका समाजाचं तेच चित्र करून टाकलं. नगरकडच्या अनेक मंडळ्यांमध्ये (चर्चच्या स्थानिक समूहांमध्ये) दारू हा अपराध मानतात. पात्राच्या स्वभावाला ग्लास लागतच असेल तर जरूर द्या. धर्माची खूण म्हणून नको.

‘तांदळासाठी धर्म बदलला’ असं आमच्या ग्रुपवर वारंवार येतं. यात तथ्य किती? (छत्रपती संभाजीनगर)

तथ्याचा एक अंश आहे, तो लपवू नये. १८७६-७८च्या दुष्काळात मिशनांनी अन्न दिलं, कामं काढली, आणि त्या सुमारास नगर भागात बाप्तिस्मा घेणारे वाढले. पण ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्यांना शाळा, दवाखाना आणि नावाने हाक मारणारा माणूस त्याच दारात भेटला. हे सोडून नुसता तांदूळ सांगणं म्हणजे त्या माणसांना स्वतःचं मन नव्हतं, असं म्हणणं आहे. शिवाय पंडिता रमाबाई (बाप्तिस्मा १८८३) किंवा नारायण वामन टिळक (१८९५) यांना कोणत्या तांदळाची वाण होती? टिळकांनी तर ख्रिस्ती होताना घरदार, नातीगोती पणाला लावली.

आज हिशेब उलटा आहे. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्याला तो मिळत नाही. त्याच्यासोबत राखीव जागा जाते, राखीव मतदारसंघ जातो, ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही जातं. जात मात्र गावात राहतेच, आणि चर्चमध्येही ती पुरती गेलेली नाही, हेही कबूल केलं पाहिजे. अनुसूचित जमातींना ही अट नाही.

संख्येचे दावे आले तर जनगणनेचा धर्मवार तक्ता उघडा. महाराष्ट्रात २००१ साली ख्रिस्ती सुमारे १०.५८ लाख होते, २०११ साली १०.८० लाख. लोकसंख्येतला वाटा १.०९ टक्क्यांवरून ०.९६ टक्क्यांवर आला. दर्जा जाईल म्हणून काही जण कागदावर ख्रिस्ती लिहीत नाहीत, एवढी एक मर्यादा त्या तक्त्याला आहे. आमिष किंवा जबरदस्ती कुठे झाली असेल तर ती त्या व्यक्तीची तक्रार म्हणून तपासली जावी. धर्मप्रसाराचा हक्क संविधानाच्या कलम २५मध्ये आहे, आणि दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलं आहे. दोन्ही वाक्यं एकत्र वाचावीत.

सहकाऱ्याचे वडील गेले. चर्चमध्ये कसं वागायचं ते कळत नाही, म्हणून आम्ही कुणीच गेलो नाही. आता वाईट वाटतं. (नाशिक)

अजूनही जा. कॅथलिक घरात सातव्या दिवशी आणि महिन्याने मिस्सा ठेवतात. प्रॉटेस्टंट घरात स्मरणार्थ उपासना असते. वेळ घरी विचारा, दहा मिनिटं आधी पोहोचा, मधल्या किंवा मागच्या बाकावर बसा. सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहा. गुडघे टेकायची सक्ती नाही, शांत बसलात तरी चालतं. चपला शहरातल्या चर्चमध्ये सहसा काढत नाहीत, काही खेड्यांतल्या मंडळ्यांत काढतात. दाराशी पाहिलं की कळतं.

एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा. लोक रांगेने पुढे जाऊन ख्रिस्तशरीर (आशीर्वादित भाकर) घेतात, तेव्हा आपण जागेवरच बसायचं. तो प्रसाद नव्हे, बाप्तिस्मा झालेल्यांसाठीचा संस्कार आहे. पाहुणे बरेचदा आदरापोटीच रांगेत उभे राहतात, मग धर्मगुरूलाही अवघडल्यासारखं होतं.

दफनाला गेलात तर घरचे लोक माती टाकतील, त्यांच्यानंतर तुम्हीही मूठभर टाकू शकता. पांढरी फुलं न्या. शोकसंदेशात ‘कै.’ऐवजी ‘ख्रिस्तवासी’ लिहा. दहन झालं तर चकित होऊ नका; कॅथलिक चर्चने १९६३पासून त्याला परवानगी दिली आहे.

‘हॅपी गुड फ्रायडे’ असा संदेश पाठवला, उत्तर आलं नाही. (ठाणे)

तो येशूच्या मरणाचा दिवस आहे. त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही, घंटा वाजत नाही. दुपारी तीनच्या सुमारास उपासना असते. अठरा ते एकोणसाठ वयाचे कॅथलिक एकच पूर्ण जेवण घेतात आणि मांस टाळतात. शुभेच्छा रविवारी द्या, ईस्टरला, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाला. यंदा राहून गेलं असेल तर ‘मला माहीत नव्हतं’ एवढं म्हटलं तरी पुरे.

मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घालायचं आहे. सासूबाई म्हणतात, तिथे ख्रिस्ती करतात. (सांगली)

संविधानाच्या कलम २८(३)नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. अनेक शाळांत त्या तासाला ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला जातात, बाकीची मूल्यशिक्षणाला. प्रवेशाच्या वेळीच मुख्याध्यापकांना विचारा, संमती नसेल तर तसं लेखी द्या आणि पोच घ्या. आणि सासूबाईंना जवळच्या मिरजेतलं वॉनलेस रुग्णालय आठवून द्या. मिशनने १८९४ साली सुरू केलेल्या त्या रुग्णालयात या भागातल्या कितीतरी घरांतली माणसं बरी झाली आणि आपापला धर्म घेऊनच घरी परतली.