ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली म्हणून लगेच इंजिन खोलू नका

तुमचा प्रश्न असा: ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आत पिवळट पांढरी साय धरलेली. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, इंजिन खोलावं लागेल. गाडी पेट्रोलची, रोज घर ते शाळा जेमतेम दोन किलोमीटर. चिपळूणला माझं गॅरेज आहे, दर पावसाळ्यात अशी झाकणं समोर येतात. इंजिन खोलायला आजच हो म्हणू नका.

साय म्हणजे ऑइलात घुसळलं गेलेलं पाणी. ते आलं कुठून, हे आधी शोधायचं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. त्याची बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या भागात, उतरते. इंजिन चांगलं तापलं की ती ऑइलातून उडते आणि व्हेंटिलेशनच्या नळीतून परत जळायला ओढली जाते. दोन किलोमीटरमध्ये ऑइल नुसतं कोमट होतं. मग वाफ वर चढून झाकणासारख्या गार जागी धरते.

सकाळी गार इंजिनावर डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा. ऑइल स्वच्छ, पातळी नेहमीची आणि साय फक्त झाकणाला असेल, तर बहुधा एवढंच कारण आहे. डिपस्टिकवरही दूध घातलेल्या चहासारखा रंग असेल आणि पातळी वाढलेली असेल, तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी) ऑइलात उतरतंय असं समजा. कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ ओढा आणि आठ दिवस रोज सकाळी बघा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नका.

एक गोष्ट खास विचारा: थर्मोस्टॅट जागेवर आहे ना? इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा हा व्हॉल्व्ह; तो नसेल तर इंजिन नीट तापतच नाही. 'गाडी गरम होते' म्हटलं की तो काढूनच टाकायची वाईट खोड आमच्या धंद्यात आहे. खेर्डीच्या एका गिऱ्हाइकाला दुसरीकडे हेडचं काम सांगितलं होतं. कूलंट थेंबभरही कमी होत नव्हतं, पण अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा मधोमध येईना. हाउसिंग खोललं तर आत थर्मोस्टॅटच नाही. नवा बसवला, ऑइल-फिल्टर बदललं, झाकण पुसलं. पुढच्या सर्व्हिसिंगला झाकण कोरडं होतं.

कूलंट खरंच उतरत असेल तर मात्र एक दिवसही गाडी चालवू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल मिसळलं की ऑइलचा थर तुटतो आणि बेअरिंगं खरवडली जातात. हेड गॅस्केट, वाकलेलं किंवा तडा गेलेलं हेड, काही इंजिनांत ऑइल कूलरचं फुटलेलं सील, यातलं काहीही असू शकतं. दोष ऑइल कूलरचा असेल तर हेड न उतरवताही काम होतं. म्हणून आधी कूलिंगची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधायची चाचणी) मागा. शिवाय रेडिएटरच्या तोंडावर निळं रसायन धरून करायची चाचणी असते. सिलिंडरमधला धूर कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. गाडी रात्रभर उभी ठेवून चेंबरचा नट (ऑइल काढायचा, तळाचा) अगदी हळू सैल करायला सांगा. पाणी जड, त्यामुळे पुरेसं साचलं असेल तर ऑइलच्या आधी त्याची धार येते. ती हिरवी-गुलाबी असेल तर कूलंट आहे हे तुम्हालाही दिसेल.

गाडी पुराच्या पाण्यात उभी होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. 2021 च्या जुलैतल्या पुरानंतर इथे लोकांनी बुडालेल्या गाड्यांना स्टार्टर मारला आणि सिलिंडरमधल्या पाण्याने पिस्टनला जोडलेले कनेक्टिंग रॉड वाकले. तसं असेल तर चावी फिरवू नका, गाडी ओढून न्या.

नसेल, आणि कूलंटही कमी होत नसेल, तर ऑइल बदला आणि आठवड्यातून एकदा चाळीस-पन्नास मिनिटं मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवा. आम्ही कुंभार्ली घाट चढून पाटणपर्यंत जाऊन येतो. आठ दिवसांनी कूलंटची रेघ कुठे आहे ते इथेच लिहा, पुढचं सांगतो.