प्रशिक्षकांनी मुलीच्या सरावाच्या नोंदी ॲपवर सर्वांसाठी खुल्या ठेवायला सांगितल्या आहेत. कोणते ॲप घ्यावे आणि नोंदी खरोखरच खुल्या ठेवाव्यात का?

तुमची मुलगी 14 वर्षांची आहे, 800 आणि 1500 मीटर धावते आणि गटातल्या प्रत्येकाने नोंदी सर्वांना दिसतील अशा ठेवाव्यात असा प्रशिक्षकांचा आग्रह आहे, एवढे तुम्ही लिहिले आहे. प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देते: ठेवू नका. कोणते ॲप घ्यावे, हा भाग माझ्या मते दुय्यम आहे.

मी कुमार गटातल्या मध्यम पल्ल्याच्या धावपटूंना शिकवते. आमच्या क्लबमध्येही हाच नियम आला होता. तो आणणारे मुख्य प्रशिक्षक माझ्याहून ज्येष्ठ, शिस्तीला कडक आणि धावणाऱ्या पायांची उत्तम पारख असलेले गृहस्थ. चार लोक पाहत असले की मुले सराव बुडवत नाहीत, एकमेकांचे आकडे पाहून त्यांना चेव येतो आणि निवड समितीच्या नजरेतही मूल लवकर भरते, असे त्यांचे म्हणणे होते. मी बैठकीत आक्षेप घेतला तेव्हा त्यांनी सर्वांसमोर एकच वाक्य ऐकवले: 'ज्याला काही लपवायचे असते, तोच दाराला कुलूप लावतो.' मुलांदेखत दोन प्रशिक्षकांनी वाद घालू नये म्हणून मी तेव्हा पुढे बोलले नाही. तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने आज बोलते.

माझ्या गटात त्या वेळी एक पंधरा वर्षांची मुलगी होती. अत्यंत प्रामाणिक; नोंद लिहायची तीसुद्धा तशीच. तिची एक नोंद मला आजही शब्दशः आठवते: '6 किमी, सावकाश, किलोमीटरला 6:10. शेवटच्या किलोमीटरला उजव्या नडगीत आतल्या बाजूने टोचत होते, थांबल्यावर गेले. झोप कमी झाली.' कोणत्याही प्रशिक्षकाला याहून चांगली नोंद मिळू शकत नाही. कोठे दुखले, कधी दुखले, थांबल्यावर काय झाले, सगळे त्यात आहे. अशी नोंद वाचून मी पुढच्या आठवड्याचे धावणे निम्म्यावर आणले, उरलेला वेळ सायकल आणि पोहण्याकडे वळवला आणि दुखणे तेवढ्यावर मिटले. नोंदवही असते ती यासाठीच.

पण ती नोंद माझ्याशिवाय निवड समितीच्या एका सदस्यानेही वाचली होती. पुढच्या स्पर्धेसाठी रिलेचा संघ ठरला तेव्हा तिच्या नावापुढे 'दुखापतग्रस्त' असा शेरा होता. तिला कोणी विचारले नाही, डॉक्टरांकडून तपासून घेतले नाही, मला साधा फोनही आला नाही. मी विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की, तिने स्वतःच तर लिहिले आहे. दोन ओळींच्या प्रामाणिकपणाची एवढी किंमत मोजावी लागते म्हटल्यावर मुलांनी काय शिकावे? त्यांनी शिकायचे तेच शिकले. त्या निवडीनंतर आमच्या गटाच्या नोंदींमधून दुखणे जणू पळून गेले. टोचणे नाही, आखडणे नाही, थकवा नाही. जो तो 'मस्त वाटले' आणि त्याखाली अंगठ्यांची रांग.

त्याच मुलीच्या सावकाश धावण्याचा वेग हंगामाच्या मध्यापर्यंत किलोमीटरला 6:10 वरून 5:05 वर आला. सावकाश धावणे हे सावकाशच असायला हवे, हे तिला मी आधीपासून समजावलेले होते आणि तिला ते कळतही होते. पण 'एवढी हळू?' असे सगळ्यांच्या देखत विचारले जाण्याची लाज पंधराव्या वर्षी समजुतीपेक्षा मोठी असते. मी तिला वेगाबद्दल टोकले की दोन दिवस तो उतरे आणि मग पुन्हा चढे. एके दिवशी मैदानाच्या पायऱ्या उतरताना ती कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत येत होती. त्याच दिवशी तपासणीला पाठवले. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला ताणामुळे आलेली बारीक चीर दिसली. त्या दिवसापर्यंतची तिची शेवटची नोंद होती: '8 किमी, मस्त!'

मुख्य प्रशिक्षक म्हणाले, 'तिने लिहायला हवे होते.' सर, तिने लिहिले होते. पहिल्यांदा लिहिले होते, तेव्हा तिचे काय झाले ते सगळ्या गटाने पाहिले.

नोंदवही हे धावपटू आणि प्रशिक्षक यांच्यातले बोलणे आहे. त्यात प्रेक्षक आले की बोलण्याचे भाषण होते, आणि भाषणात कोणी आपली नडगी दुखते असे सांगत नाही. त्यामुळे खुली नोंद सरावासाठीच निरुपयोगी ठरते, हा माझा पहिला आक्षेप आहे. तिच्यामुळे मुलीची सुरक्षितता धोक्यात येते, हा दुसरा. सुरक्षिततेची भीती घातली की प्रशिक्षक 'तुम्ही फार घाबरता' म्हणून विषय झटकतात. नोंद खोटी होते म्हटल्यावर त्यांना ऐकावे लागते. तुम्ही बोलताना याच क्रमाने बोला.

आता सुरक्षिततेकडे. खाते खुले असल्याने एखाद्या धावण्याचा नकाशा कोणी पाहिला तर फारसे बिघडत नाही, हे मी मान्य करते. बिघडते ते नकाशांच्या थप्पीमुळे. एका धावण्यावरून फक्त रस्ता कळतो. महिनाभराच्या धावण्यांवरून कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या निर्जन वाटेवर मुलगी एकटी असते हे कळते. घड्याळातून ॲपवर जाणाऱ्या फाइलमध्ये सेकंदासेकंदाचे स्थान, वेळ आणि हृदयाचे ठोके असू शकतात. त्यावर पूर्ण नाव, क्लबच्या गणवेशातला फोटो आणि मैत्रिणींची यादी चढवली की अनोळखी माणसाला विचारायला काही शिल्लक राहत नाही.

'घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय आहे की' असे तुम्हाला सांगितले जाईल. ती सोय जरूर वापरा, पण तिच्यावर विसंबू नका. ठरावीक त्रिज्येचे वर्तुळ लपवले आणि मुलगी रोज वेगवेगळ्या गल्लीतून बाहेर पडली, तर नकाशावरील रेषा जिथून सुरू होतात ते बिंदू एका कड्यासारखे दिसू लागतात, आणि कड्याचा मध्य काढायला शाळेतली भूमिती पुरते. शिवाय नकाशावर सहा किलोमीटरची रेषा आणि शेजारी एकूण अंतर 6.4 असे असेल, तर लपवलेला तुकडा किती लांबीचा आहे हे ॲपनेच सांगून टाकलेले असते. 2018 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी या लपवाछपवीतून घराची जागा कशी शोधता येते ते दाखवून दिले होते.

ज्यांना गुप्तता राखण्याचेच प्रशिक्षण असते त्यांचीही येथे फसगत झाली आहे. धावण्याच्या आणि सायकलिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर 2017 मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून, नावे काढून टाकून, एक नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी 2018 मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवले की त्यात ओसाड प्रदेशांतल्या लष्करी तळांच्या आतल्या वाटा उजळून दिसत आहेत. नावे नव्हती, पण तिथे दुसरे कोणी धावतच नव्हते. त्याच वर्षी खेळाची घड्याळे बनवणाऱ्या पोलर कंपनीच्या नकाशा-सेवेतून सैनिक आणि गुप्तहेर यांची नावे व घरे शोधता येतात हे पत्रकारांनी उघड केल्यावर कंपनीने आपला तो नकाशा बंद ठेवला. 2024 मध्ये 'ल मोंद' या फ्रेंच वृत्तपत्राने अमेरिका, फ्रान्स आणि रशिया यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांच्या धावण्याच्या नोंदींवरून त्या राष्ट्राध्यक्षांच्या मुक्कामाच्या जागा कशा कळतात ते छापले. अंगरक्षकांना जे सांभाळता आले नाही, ते चौदा वर्षांच्या मुलीने सेटिंगच्या पाचव्या पानावर जाऊन सांभाळावे ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि सेटिंग कायम तसेच राहील असेही नाही. स्ट्राव्हाच्या 'फ्लायबाय' या सोयीमुळे आपल्या जवळून कोण धावत गेले ते नाव आणि नकाशासकट दिसत असे, आणि 2020 मध्ये ओरड झाल्यानंतरच ती मूळ स्थितीत बंद ठेवण्यात आली. तोपर्यंत कित्येकांना ती चालू असल्याचे ठाऊकही नव्हते.

'ॲप तेरा वर्षांपासून वापरता येते' या वाक्यालाही फार मान देऊ नका. तो आकडा मुलांच्या समजशक्तीच्या अभ्यासातून आलेला नाही. तेराखालील मुलांच्या माहितीबद्दल 1998 चा एक अमेरिकन कायदा आहे, त्यातून तो जगभर पसरला. युरोपच्या नियमात मूळ वय 16 आहे आणि देशांना ते 13 पर्यंत उतरवण्याची मुभा आहे. भारताच्या 2023 च्या कायद्यात तर 18 पूर्ण होईपर्यंत मूलच मानले आहे. यांपैकी कोणत्याही आकड्यावरून तुमच्या मुलीने आपले ठोके अनोळखी लोकांना दाखवावेत असा निष्कर्ष निघत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बोलायला संकोच वाटतो म्हणून बैठकीत कोणीच बोलत नाही. वजन आणि मासिक पाळी. सरावाच्या मानाने खाणे कमी पडू लागले की पाळी लांबते किंवा थांबते, हाडे कमकुवत होतात आणि त्यातूनही वर लिहिली तशी चीर येऊ शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 पासून याला स्वतंत्र नाव देऊन प्रशिक्षकांना सावध केले आहे. म्हणजे ही माहिती नोंदवायलाच हवी, पण ती मुलगी, तुम्ही आणि डॉक्टर यांच्यात राहिली पाहिजे. प्रशिक्षकांना सरावात बदल करण्यापुरते सांगितले तरी भागते. वजनाचा आकडा गटाच्या यादीत कधीही जाता कामा नये. अमेरिकेची धावपटू मेरी केन हिने 2019 मध्ये जाहीरपणे सांगितले की तिचे वजन इतर खेळाडूंसमोर केले जात असे आणि त्याने तिचे शरीर व मन दोन्ही खचले. ॲपवरची खुली यादी याहून वेगळी कशी?

तुम्ही ॲपचे नाव विचारले आहे, ते मी देणार नाही. घड्याळ ज्या कंपनीचे आहे तिचे ॲप साध्या कामासाठी पुरते. नाव पूर्ण लिहू नका, चेहऱ्याचा फोटो लावू नका, नकाशा फक्त तिला दिसेल असा ठेवा, मार्गाच्या एखाद्या तुकड्यावरच्या चढाओढीच्या याद्यांमधून तिला बाहेर काढा आणि जुन्या नोंदींनाही हे लागू झाले आहे का ते दुसऱ्या फोनवरून, तिच्या खात्यात न शिरता, पाहून घ्या. नवे सेटिंग जुन्या नोंदींना आपोआप लागू होईलच असे नसते. आणि खरे सांगायचे तर या वयात कागदाची वही सरस ठरते. किती मिनिटे धावलीस आणि शून्य ते दहापैकी किती जड गेले, या दोन आकड्यांचा गुणाकार पुरेसा बोलका असतो: चाळीस मिनिटे गुणिले सहा म्हणजे 240. अमेरिकन क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची ही पद्धत जगभर वापरली जाते आणि तिला उपग्रह लागत नाही. शेजारी झोप आणि दुखणे यांसाठी एकेक ओळ ठेवा.

आमच्या गटात आता वहीच चालते. आठवड्यातून एकदा मी ती वाचते आणि मुलांकडे परत देते.

तीन गोष्टी राहिल्या. एकट्याने सराव करणाऱ्या, आसपास सोबती नसलेल्या मुलाला ओळखीच्या चार-पाच मित्रांच्या बंद गटाने बळ मिळते, ते मी पाहिले आहे आणि त्याला माझा विरोध नाही. सतरा-अठराच्या धावपटूने समजून उमजून शर्यतीचा निकाल किंवा फोटो टाकला तरी हरकत नाही; शर्यत मुळातच सर्वांसमोर होते, रोजचा सराव तसा होत नाही. हजेरीबद्दल आमचे सर बरोबर होते, हेही नोंदवून ठेवते: खुल्या नोंदींच्या काळात दांड्या कमी झाल्या होत्या. मात्र हजेरीसाठी मैदानावरची हजेरीवही पुरते.

तुमचे प्रशिक्षक तरीही अडून बसले, तर त्यांच्याशी कुलपांवर वाद घालू नका. मुलीची नोंद नेमकी कोणी वाचायची आहे त्यांची नावे द्या, एवढेच शांतपणे विचारा. नावे फार तर तीन-चार निघतील आणि तेवढ्यांनाच नोंद दाखवण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. त्या नावांत निवड समितीतले कोणी असेल, तर नोंदीतल्या दुखण्यावरून, डॉक्टरांनी तपासल्याशिवाय, निवड नाकारली जाणार नाही असे त्यांच्याकडून लेखी घ्या. ते लिहून मिळेपर्यंत मुलीने ॲपवर फक्त अंतर आणि वेळ टाकावी आणि दुखते कोठे ते प्रशिक्षकांना तोंडी सांगावे.