बॅकअप रात्री 2 ला, कॉम्प्युटर बंद 8 ला

प्रश्न: नमस्कार दादा, मी सांगलीत टॅक्सचं काम करतो. क्लायंटचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, टॅलीचा डेटा सगळं एकाच विंडोज कॉम्प्युटरवर, साधारण 90 जीबी. 2019 च्या पुरात ऑफिसात पाणी शिरून जुना सीपीयू गेला, तेव्हापासून धसकाच घेतलाय. भाच्यानं एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेऊन दिला, आरक्लोन ह्या फाइली सर्व्हरवर पाठवणाऱ्या प्रोग्रामची बॅच फाइल (एका क्लिकवर ठरलेल्या कमांड चालवणारी) बनवली, एकदा चालवून दाखवली आणि विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारं साधन) रोज रात्री 2 ची वेळ लावून दिली. मी रोज 8 ला शटडाउन करून कुलूप लावतो, निर्धास्त होतो. परवा सहज बघितलं तर सर्व्हरवर शेवटची फाइल चार महिन्यांपूर्वीची! आणि तिथं फाइली सरळ उघडतायत, म्हणजे सर्व्हरवाल्यालाही दिसत असणार ना? काय करू सांगा.

उत्तर: कारण तुमच्याच पत्रात आहे, 8 ला मशीन बंद होतं आणि काम लावलंय 2 ला, मग ते चालणार कसं. तरी तुम्ही उघडून बघितलंत हे फार बरं केलंत, नाहीतर हे कळलं असतं थेट डिस्क गेल्यावर. वेळ दुपारी दीडची लावा, तुम्ही डबा खाताना होऊन जाईल. त्याच टास्कच्या सेटिंग्जमध्ये, ठरलेली वेळ चुकली तर मशीन चालू झाल्यावर लवकरात लवकर चालव, असा एक पर्याय असतो, त्यावर टिक करा. पुढेमागे लॅपटॉप घेतलात तर चार्जर लावलेला असेल तरच चालव ही टिक आधीपासून असते, ती काढा.

आता उघड्या फाइलींचं. वाटेत कोणी वाचू शकत नाही, पण सर्व्हरवर पोचल्यावर त्या जशाच्या तशा पडून असतात, त्यामुळे हो, दिसू शकतात, आणि लोकांचे पॅन आधार असे ठेवणं बरोबर नाही. शिवाय आरक्लोनचं सिंक म्हणजे आरसा आहे, इथं फाइल उडाली की पुढच्या वेळी तिथूनही उडते, व्हायरसनं फाइली लॉक केल्या तर त्या लॉक झालेल्याच चांगल्या फाइलींवर जाऊन बसतात. मी तुमच्या जागी असतो तर रेस्टिक नावाचं बॅकअपचं सॉफ्टवेअर घेतलं असतं, फुकट आहे, विंडोजवर चालतं, भाच्याला अर्धा तास पुरेल. ते फाइलींचे तुकडे करून तुमच्याच कॉम्प्युटरवर एन्क्रिप्ट करतं, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाहीत असे करतं, फाइलींची नावंसुद्धा, आणि मग पाठवतं. पहिल्यांदा सगळे 90 जीबी जातील, 20 एमबीपीएसचा अपलोड असेल तर 10 तास धरून चाला, रविवारी लावा. नंतर रोज फक्त बदललेले तुकडे जातात, ते काही मिनिटांचं काम. जुन्या प्रती किती ठेवायच्या तेही सांगता येतं, मी रोजच्या 7, आठवड्याच्या 4 आणि महिन्याच्या 12 ठेवतो, तुम्हाला रिटर्नच्या कामात महिन्याच्या प्रती नक्की लागतील.

टॅली उघडी असताना तिच्या काही फाइली वाचता येत नाहीत. रेस्टिकला विंडोजचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची डिस्कची गोठवलेली प्रत, वापरायला सांगा, त्यासाठी टास्क ॲडमिन हक्कानं चालवावी लागते. काम झालं की रेस्टिक एक आकडा परत देतं, 0 म्हणजे सगळं ठीक, 3 म्हणजे बॅकअप झाला पण काही फाइली सुटल्या. हा 3 भाच्याला बॅच फाइलमध्ये पकडायला लावा.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती ह्याची, की आपोआप चालणारी गोष्ट बंद पडली की आवाज होत नाही. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीत 31 जानेवारी 2017 ला एका इंजिनिअरनं चुकून चालू डेटाबेस उडवला, मग बॅकअप बघायला गेले तर रोजचा बॅकअप फेलच होत होता, आणि फेल झाल्याचे ईमेल निघत होते पण ते पलीकडे नाकारले जात होते म्हणून कोणाला पत्ताच नाही. त्यांचे सहाएक तासांचे बदल गेले, तेही त्याच दिवशी एकानं हातानं एक प्रत काढून ठेवली होती म्हणून तेवढ्यावर निभावलं. तेव्हा फेल झाल्यावर मेसेज येईल ह्यावर राहू नका, उलटं लावा: बॅकअप नीट झाला की तुमच्या स्क्रिप्टनं हेल्थचेक्ससारख्या, अशा हाकांवर लक्ष ठेवणाऱ्या इंटरनेटवरच्या सेवेला हाक द्यायची, आणि दिवसभरात हाक आली नाही की त्यांनी तुम्हाला कळवायचं. मशीन बंद असलं तरी हे चालतं, तुमच्याकडे चार महिने जे झालं ते दुसऱ्याच दिवशी कळलं असतं.

पासवर्डबद्दल नीट ऐका. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा परत मिळत नाही, सर्व्हरवाला देऊ शकत नाही, रेस्टिक बनवणारेही नाहीत. माझा एक वर्षाचा बॅकअप असाच गेला, पासवर्ड लिहिलेली फाइल त्याच डिस्कवर होती जी गेली, सर्व्हरवर सगळं शाबूत आणि मला एक फोटो उघडता येईना. कागदावर लिहा, एक प्रत घरी वरच्या मजल्यावर, एक भाच्याकडे. एकुलती एक प्रत ऑफिसात ठेवू नका, पाणी कुठवर येतं ते तुम्हाला मी काय सांगणार.

दर महिन्याच्या 1 तारखेला कुठल्याही एका क्लायंटचं फोल्डर सर्व्हरवरून भाच्याच्या लॅपटॉपवर परत आणा, तुमच्या मशीनवर नको, आणि कागदावरचा पासवर्ड हातानं टाइप करून. टॅलीत कंपनी उघडली, शेवटची एंट्री कालपरवाची दिसली, तर बॅकअप आहे असं धरा.

प्रश्न: आमची वेबसाइट आणि तिचा बॅकअप एकाच होस्टिंग कंपनीकडे आहे, चालेल का?

उत्तर: नाही चालणार. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली, आणि ज्यांचे बॅकअप तिथंच होते त्यांचं दोन्ही गेलं. दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या शहरातला सर्व्हर घ्या, आणि बॅकअप पाठवणाऱ्या खात्याला तिथं फक्त भर घालायची परवानगी द्या, पुसायची नको, म्हणजे साइट हॅक झाली तरी जुन्या प्रतींना हात लागत नाही.