स्टाउरहेड आणि सॉल्झबरी, आई-बाबांसोबत आणि गाडीशिवाय

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. आई-बाबा आलेत, गाडी नाही, लंडनहून ट्रेनने एका दिवसात स्टाउरहेडची बाग आणि सॉल्झबरीचं कॅथीड्रल जमेल का, आणि इंग्लिश हेरिटेजचा (जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेचा) पास घ्यावा का, हे तुम्ही विचारलंय. अगदी हाच बेत मी आखला होता, माझ्याच आई-बाबांसाठी. छत्री, बूट, डबा वगैरे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडून देते.

स्टाउरहेडला सगळ्यात जवळचं स्टेशन गिलिंगम. पण इंग्लंडात गिलिंगम दोन आहेत, एक डॉर्सेटमध्ये आणि एक केंटमध्ये. इंग्रजी स्पेलिंग हुबेहूब एकच. उच्चार मात्र वेगळे: डॉर्सेटचं गिलिंगम, केंटचं जिलिंगम. तुम्हाला हवंय ते 'ग'चं, डॉर्सेटचं. त्याची गाडी वॉटर्लूहून सुटते, सॉल्झबरीवरून जाते आणि साधारण दोन तास घेते. ॲपमध्ये दोन्ही नावं एकाखाली एक येतात, पुढे कंसात काउंटी असते. मी ती वाचली नाही. तासाभराच्या आत पोचवणारी गाडी दिसली, ती सेंट पँक्रसहून सुटणारी होती, आणि आईला कमी बसावं लागेल म्हणून आनंदाने तिघांची परतीसकट तिकिटं काढून मोकळी झाले.

उतरल्यावर आधी ठरवलेल्या टॅक्सीवाल्याला फोन लावला. तो म्हणे, मी स्टेशनच्या दारातच उभा आहे. मी म्हटलं, आम्हीही दारातच आहोत. त्याने गाडीचा रंग सांगितला, मी बाबांच्या टोपीचा रंग सांगितला. पाच-सात मिनिटं हेच चाललं होतं. शेवटी त्यानेच विचारलं, "तुम्ही केंटमध्ये तर नाही ना?" मधे शंभराहून जास्त मैल होते. आई बाकावर बसून पर्समधून बागेचा छापून आणलेला नकाशा काढत होती. तिला सांगायला मला तोंड उघडवेना.

टॅक्सीचे पैसे भरावे लागले, ते रास्तच होतं, माणूस येऊन थांबला होता. तिकिटांचं मात्र अजून डोक्यात आहे. ज्यांच्याकडून काढली त्यांचं नाव इथे लिहीत नाही. परतीची तिकिटं वापरलेलीसुद्धा नव्हती, वेळ बदलून तरी द्या एवढंच मागणं होतं. तीन ईमेल केल्या, तिन्हींना तेच दोन ओळींचं उत्तर आलं, खाली दर वेळी वेगळं नाव. फोनवर चाळीस मिनिटं थांबले, मग सांगण्यात आलं की हा विभाग फोनवर बोलत नाही. स्वस्त आगाऊ तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत हा नियम मलाही कळतो. पण माणसाने माणसाचं म्हणणं एकदा वाचावं तरी. म्हणून माझं स्पष्ट मत: वयस्कर माणसं सोबत असतील तर चार पाउंड वाचवायला ठरावीक गाडीचं तिकीट घेऊ नका. वेळेचं बंधन नसलेलं घ्या. इतरांचं मत वेगळं असू शकेल.

त्या दिवशी स्टेशनवरच्या एका बाईंनी आम्हाला सावरलं. दोन स्टेशनं मागे रॉचेस्टर आहे, किल्लाही आणि कॅथीड्रलही, तिथे जा म्हणाल्या. गेलो. किल्ल्याच्या मुख्य बुरुजाचे तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल. १२१५ मध्ये जॉन राजाने वेढा घातला, कोपऱ्याखाली भुयार खणून त्यात चाळीस डुकरांची चरबी वापरून आग पेटवली आणि कोपरा पाडला. पुन्हा बांधताना तो गोल बांधला. बाबांचे गुडघे वर चढण्याजोगे नव्हते, पण खाली हिरवळीवर उभं राहून त्यांनी तो गोल कोपरा बराच वेळ न्याहाळला. त्यांच्यासाठी ती सहल वाया गेली नाही. आईची बाग मात्र राहिली, चार दिवसांनी त्यांचं विमान होतं. पुढच्या खेपेला आई एकटीच आली.

आता पासबद्दल. एवढ्याच दोन जागांसाठी घेऊ नका. या तिघांच्या चुली वेगळ्या आहेत. स्टाउरहेड नॅशनल ट्रस्ट या दुसऱ्या संस्थेचं, तिथे इंग्लिश हेरिटेजचा पास चालत नाही. कॅथीड्रल चर्चचं, त्याचं तिकीट निराळं. पास उपयोगी पडेल तो स्टोनहेंज आणि ओल्ड सॅरम या सॉल्झबरीजवळच्या जुन्या जागांना. जवळचं विल्टन हाउस खाजगी आहे आणि वर्षातले मोजकेच दिवस उघडतं. वेळा आणि दर बदलत असतात, तेव्हा माझ्या भरवशावर न जाता आपली तारीख टाकून बघा. स्टाउरहेडच्या जुन्या घराची वेळ आणि बागेची वेळ वेगळी असते, तीही तपासा.

एका दिवसात दोन्ही करू नका. सॉल्झबरीला मुक्काम करा. आईबरोबर दुसऱ्यांदा गेले तेव्हा तसंच केलं. कॅथीड्रलचा कळस १२३ मीटर, ब्रिटनमधला सगळ्यात उंच. तिथल्या चॅप्टर हाउस नावाच्या सभागृहात मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, १२१५ च्या चार उरलेल्या प्रतींपैकी एक आहे, आणि ती त्याच जॉन राजाची, ज्याने काही महिन्यांत रॉचेस्टरचा कोपरा पाडला. बाबा असते तर त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं असतं. आई मात्र २००८ मध्ये बसवलेल्या बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी रमली. पाणी इतकं निश्चल की छताच्या कमानी त्यात जशाच्या तशा उतरलेल्या, आणि चार कोपऱ्यांतून ते आवाज न करता खाली ओघळत असतं. संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला पैसे लागत नाहीत, धर्म कोणी विचारत नाही. जरूर बसा. त्या वेळात फिरून बघणं मात्र बंद असतं.

स्टाउरहेडच्या तळ्याभोवतीची वाट बरीचशी सपाट आहे, पण अपोलोच्या देवळाचा चढ खडा आहे आणि गुहेतल्या पायऱ्या दमट असतात. गुडघे दुखत असतील तर दोन्ही वगळा, पुलाजवळून पँथिऑन, म्हणजे तळ्याकाठचं घुमटाचं देऊळ, तसंही समोर दिसतं. आई तिथल्या बाकावर तासभर बसली होती, तोच घडी घातलेला नकाशा मांडीवर ठेवून.

आणि टॅक्सी येतानाची नि जातानाची, दोन्ही घरून निघण्याआधीच ठरवा. स्टेशन सहा-सात मैलांवर आहे, चालत जाण्यासारखं नाही, आणि ऐनवेळी गाडी मिळेलच असं नाही. फोनवर ठरवताना 'डॉर्सेट' हा शब्द स्वतःहून उच्चारा.