उत्तर प्रदेशातल्या छोट्या शहरात गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं, दुकान टाकावं का?

टाका, पण आधी वर्षभर कुणा गाववाल्याच्या हाताखाली काढा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिकडच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळतात, त्यामुळे ओळख निघतेच. भट्टी, मूस (धातू वितळवायचं भांडं), टाकणखार (गाळताना घालायचा क्षार) यांचं काम हाताला बसतं. सराफाचा विश्वास बसायला मात्र वेळ लागतो. त्याच्या डोळ्यांदेखत वजन करा, चिठ्ठी द्या. अनोळखी माणसाचा बिनपावतीचा माल कितीही नफा दिसला तरी घेऊ नका. चोरीचा निघाला तर परक्या गावात तुमच्या बाजूनं बोलणारं कुणी नसतं. नायट्रिक ॲसिडच्या वाफेसाठी चिमणी हवीच, वर कुटुंब राहणार असेल तर आधी तीच बांधा. जानेवारीचं धुकं, जूनची लू (गरम वारे) सोसावी लागते. मुलांची शाळा हिंदीत होईल, घरात मराठीच बोला.