‘बाबाबा’ अजून नाही

प्रश्न: मुलगी साडेनऊ महिन्यांची आहे. ‘आऽ’, ‘ऊऽ’ करते, हसते. पण ‘बाबाबा’, ‘दादादा’ नाही. थांबावं का?

उत्तर: नको. नुसते हुंकार ऐकू न येणारी बाळंही काढतात, त्यावर विसंबू नका. ‘बाबाबा’सारखी बडबड साधारण ६ ते १० महिन्यांत सुरू होते. आताच कान तपासून घ्या, जन्मावेळची तपासणी ठीक असली तरी. कानाच्या पडद्यामागे पाणी साठून नंतरही ऐकू कमी येतं. घरी टाळी वाजवून पाहणं फसवं: बाळाला हात हलताना दिसतो, हवेचा झोत जाणवतो. बेरा चाचणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का, ते पाहणारी) झोपेत होते, दुखत नाही. तोवर टीव्ही बंद करून समोर बसा, ‘बा’ म्हणा आणि ५-१० सेकंद गप्प राहा (मोठ्यांना हेच जमत नाही). तिने कुठलाही आवाज काढला, की तोच परत करा.